हरणीच्या मागावर शेवटचा शनिवार

आयर्लंडमधल्या लेटरकेनी गावाच्या बाहेर डोंगराला टेकून आमची चार-पाच घरं आहेत. तिथं तांबड्या हरणांच्या माद्या मारायचा सीझन फेब्रुवारीअखेर संपतो. नरांचा तर त्याच्या कितीतरी आधी बंद होतो. त्यामुळे फेब्रुवारीतल्या त्या शेवटच्या शनिवारी उठले तीच चिडचिड घेऊन. अख्ख्या हिवाळ्यात मला एकही मादी मिळाली नव्हती. कधी धुकं, कधी कुत्रं घेऊन फिरायला आलेलं एखादं हौशी जोडपं, मधे माझा ताप, आणि मग प्लांटमध्ये ऑडिट लागलं, त्यात चांगल्या हवेचे वीकएंड गेले.

मी मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात व्हॅलिडेशनचं, म्हणजे यंत्रं नीट चालतात का ते तपासायचं काम करते. नवरा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे आणि अंडंसुद्धा खात नाही. मी नागपूरची, तिखट रश्श्यावर वाढलेली, आणि कॉलेजात रायफल शूटिंग केलेली. ते शूटिंग लग्नाआधीच सुटलं होतं. इतक्या वर्षांनी ते परत सुरू झालं ते शेजारच्या बाईंमुळे.

बाई म्हणजे गावातल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आम्ही त्यांना त्यांच्या नावानंच हाक मारायचो, इथली पद्धतच तशी आहे, पण मी मनात त्यांना बाईच म्हणायचे, कारण त्यांच्यासमोर गेलं की आपोआप पाठ ताठ व्हायची. आमच्या घरामागचा सगळा डोंगर त्यांचा. हिवाळ्यात वरची हरणं खाली उतरायची आणि त्यांच्या मेंढ्यांसाठी राखलेलं गवत खाऊन जायची. पूर्वी त्यांचा नवरा दरवर्षी काही माद्या मारायचा. तो गेला. बाईंचा खांदा संधिवातानं धरलेला, त्यांना रायफल पेलवत नव्हती. एकदा चहा पिता पिता मी शूटिंगचं बोलले आणि त्यांनी कप खाली ठेवून माझे हात बघितले. पुढे ट्रेनिंग, पोलिसांचा परवाना, जिन्याखालच्या कपाटात भिंतीला ठोकलेली लोखंडी पेटी, हे सगळं रीतसर झालं. माझा नवरा एवढंच म्हणाला, "अगं, लोक इथे येऊन गोल्फ शिकतात."

त्या शनिवारी उजाडताना मी बाईंच्या दारात पोचले. बाई काठी घेऊन, गमबूट घालून तयारच होत्या. मी जरा थबकले. एरवी त्या खालच्या फाटकापर्यंत यायच्या, मला कुठून जायचं ते सांगायच्या आणि परत फिरायच्या. त्यांचा गुडघा वर्षभर दुखत होता.

"मी येतेय आज," त्या म्हणाल्या.

"वरपर्यंत?"

"वरपर्यंत. माझाच डोंगर आहे."

मी आदल्या दिवशीच वाऱ्याचा अंदाज बघून ठेवला होता. वारं सकाळी नैर्ऋत्येकडून आणि नंतर फिरून वायव्येकडून येणार होतं. त्या हिशेबानं ओढ्याच्या कडेकडेनं, खालून पूर्वेकडं जायचं आणि मग वर चढायचं, म्हणजे आपला वास हरणांना लागणार नाही. मी हे बाईंना मोबाईलवर दाखवलं. त्यांनी मोबाईलकडे बघितलंच नाही.

"आपण जुन्या मेंढवाड्यावरून जाऊ."

"तिकडून गेलो तर वारं आपल्या पाठीवर येईल."

"मी जन्मभर या डोंगराखाली राहिलेय," त्या म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

मी मागे निघाले. जमीन त्यांची, परवानगी त्यांची. पण पहिल्या चढापासून माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. वाट म्हणजे वाट नव्हतीच. ओल्या टर्फमध्ये, म्हणजे काळ्या दलदलीच्या मातीत, पाय पोटरीपर्यंत रुतायचा, काढताना बूट आतच राहू बघायचा, आणि हेदरच्या झुडपांच्या वाळक्या काटक्या मांड्यांना घासून आवाज करायच्या. बाई दर थोड्या वेळानं थांबायच्या. आधी मला वाटलं, दम लागला म्हणून. मग लक्षात आलं की त्या थांबून मागे, खाली बघायच्या. एकदा काठीनं त्यांनी एक कोसळलेला बांध दाखवला आणि तो कुणी रचला ते सांगायला सुरुवात केली. मी ओठांवर बोट ठेवलं. मुख्याध्यापिकेला गप्प करायचा प्रसंग माझ्यावर पहिल्यांदाच आला होता. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, आवाज फक्त थोडा खाली आणला.

मेंढवाडा म्हणजे दगडांचं एक गोल कुंपण, अर्धं ढासळलेलं, आत लव्हाळं माजलेलं. बाई आत जाऊन एका दगडावर बसल्या. मी भिंतीआडून दुर्बीण लावली आणि समोरच्या उतारावर मला हरणं दिसली. चांगला मोठा कळप होता, सगळ्या माद्या आणि गेल्या वर्षीची पाडसं, हिवाळ्यानं रंग उतरून मळकट तपकिरी झालेली. लांब होती, पण मधली घळ उतरून गेलं तर जमण्यासारखं होतं. मी बाईंकडे वळून खूण केली आणि तेवढ्यात माझ्या मानेला गार वारं लागलं. मागून.

पुढचं मला बघायचंही नव्हतं. एका म्हाताऱ्या मादीनं मान ताठ केली, नाक आमच्या दिशेनं धरलं, आणि घोगऱ्या कुत्र्यासारखी एकदा भुंकली. सगळा कळप एकामागून एक डोंगराच्या धारेवरून पलीकडे गेला. घाईसुद्धा केली नाही त्यांनी.

"गेली," बाई म्हणाल्या.

"वारं," मी म्हणाले.

"हो, वारं फिरलं."

"फिरलं नाही. मी सांगितलं होतं तसंच आहे."

बाईंनी पिशवीतून थर्मास काढला आणि मला चहा ओतून दिला. तो मी घेतला, कारण बोटं बधिर झाली होती. मग गारा आल्या. त्या भिंतीच्या आडोशाला आम्ही दोघी खांद्याला खांदा लावून बसलो, डोक्यावर टपटप टपटप, आणि मी मनातल्या मनात सगळं मोजत होते, ऑडिट, ताप, धुकं आणि आता ही बाई. बाई मात्र शांतपणे त्या पडक्या भिंतीकडे बघत बसल्या होत्या, जणू आम्ही सहलीला आलो होतो.

गारा थांबल्यावर मी म्हणाले, आता वाट मी काढणार. बाईंनी मान डोलावली. आम्ही घळीच्या तळाला उतरलो, ओढ्यातून, वारं तोंडावर घेत, हळूहळू चढत गेलो. बाईंचा गुडघा कुरकुरत होता, ते त्यांच्या श्वासावरून कळत होतं. शेवटचा टप्पा पोटावर सरपटत गेलो. पाणी जॅकेटच्या गळ्यातून आत शिरून पोटापर्यंत गेलं. दुपार कलली होती. वरच्या काठावरून मी डोकं काढलं आणि समोर, अगदी टप्प्यात, एक मादी चरत होती. आडवी उभी. याहून चांगली उभी राहूच शकली नसती.

मी रायफल पिशवीवर टेकवली. सेफ्टी काढली. रायफलवरच्या दुर्बिणीत तिचा खांदा स्पष्ट दिसला. आणि त्या खांद्याच्या मागे, बरोबर त्याच रेषेत, तिचं पाडस उभं होतं.

गोळी मादीतून आरपार गेली तर पाडसाला लागणार. मरेलच असं नाही. पोटात गोळी घेऊन ते पळेल आणि कुठल्यातरी डबक्यात दोन दिवस पडून राहील. मी वाट बघायला लागले.

"मार," बाई माझ्या कानाशी कुजबुजल्या.

"पाडस मागे आहे."

"हलेल ते. मार."

"हललं की मारते."

ते हललं नाही. चरत राहिलं. माझं बोट चापाच्या बाहेर होतं, गारठ्यानं बधिर झालेलं. बाईंचा श्वास माझ्या कानाला लागत होता, आणि त्या श्वासात इतकी घाई होती की मला कळेना, या बाईंना झालंय काय. शेवटी पाडस दोन पावलं पुढे गेलं. त्याच क्षणी मादी वळली आणि तिची पाठ माझ्याकडे झाली. आता मारायला जागाच नव्हती. पुन्हा वाट बघणं. मग बाईंना खोकला आला. त्यांनी तो दाबला, तोंडात हातमोजा कोंबला, पण एक बारीक आवाज निसटलाच. मादीनं मागे वळूनही बघितलं नाही, पाडसाला घेऊन सरळ उतारापलीकडे गेली.

मी सेफ्टी लावली, गोळी काढून खिशात टाकली आणि तशीच पालथी पडून राहिले.

"आधीच मारायला हवी होतीस," बाई म्हणाल्या. "माझ्या नवऱ्यानं मारली असती."

"तुमच्या नवऱ्यानं दोघांनाही मारलं असतं," मी म्हणाले.

मग त्या उठायला गेल्या आणि गुडघा दुमडून परत खाली बसल्या. मी त्यांचा हात धरला. त्या उठल्या नाहीत. तिथंच ओल्या गवतात बसून म्हणाल्या, "मी हा डोंगर विकतेय. एप्रिलमध्ये सह्या आहेत. झाडं लावणारी कंपनी आहे. सगळीकडे स्प्रूस लावणार, धारेपर्यंत. कुंपण घालतील, त्यांचा स्वतःचा शिकारी येईल."

मला पहिल्यांदा जे सुचलं ते चांगलं नव्हतं. मला सुचलं की मग माझं काय? परवानगी गेली म्हणजे सगळंच गेलं. दुसऱ्या कुणाची जमीन, दुसऱ्या कुणाच्या दारात जाऊन विचारणं.

"हे मला आत्ता सांगताय?"

"आधी सांगितलं असतं तर तू मला वर येऊ दिलं नसतंस. म्हणाली असतीस, शेवटची संधी आहे, मी एकटीच जाते. आणि बरोबरच म्हणाली असतीस." त्या थांबल्या. "मला मेंढवाडा एकदा बघायचा होता. एकटीनं जमलं नसतं."

मला राग आला. आपल्याला राग यायला नको असं वाटलं म्हणून आणखी आला. एखादं माणूस सरळ विचारत नाही, शिकारीच्या नावाखाली आपल्याला वरपर्यंत नेतं, आपला दिवस, आपला सीझन त्यात घालवतं, आणि मग असं काही सांगतं की भांडायलाही तोंड राहत नाही. विचारलं असतं तर मी एखाद्या साध्या रविवारी नसतं का नेलं त्यांना? हे मी त्यांना म्हणालेसुद्धा.

"नेलं असतंस," बाई म्हणाल्या. "पण मग ती सहल झाली असती. आम्ही इथे कधी सहलीला आलो नाही. कामालाच आलो."

खाली उतरायला आम्हाला संध्याकाळ झाली. रायफल माझ्या एका खांद्यावर आणि दुसऱ्या खांद्यावर बाईंचा हात. उतारावर त्या जड लागत होत्या आणि दर दहा पावलांनी "सॉरी" म्हणत होत्या, इथल्या लोकांची सवयच आहे ती. फाटकाशी त्यांनी माझा हात सोडला आणि म्हणाल्या, "यू वेअर ग्रँड," म्हणजे छान केलंस. मला त्या वेळी ग्रँड व्हायचं नव्हतं. मला एक हरीण हवं होतं.

घरी मुलगी सोफ्यावर पाय घेऊन बसली होती. "डिड यू गेट वन, आई?" तिनं तिच्या डॉनेगलच्या, म्हणजे इथल्या भागातल्या सुरात विचारलं. मी नाही म्हणाले. "अगेन?" ती म्हणाली आणि परत मोबाईलमध्ये गेली. नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं ना, पाडस वाचलं." मी त्याला म्हटलं, तू काही बोलूच नकोस.

रविवारी मी एकटी गेले. धुकं इतकं होतं की फाटकाची वरची दांडी दिसत होती आणि खालची दिसत नव्हती. दगडावर बसून राहिले. धुक्यात कुठेतरी, फार लांब नाही, हरणं चरत होती. गवत तुटल्याचा आवाज येत होता. न दिसता गोळी झाडायची नसते. दुपारी उठून घरी आले, रायफल पुसली, तेल लावलं आणि पेटीत ठेवली. सीझन संपला.

त्यानंतर मी चार ठिकाणी शिकारीच्या परवानगीसाठी विचारून आले. एकानं सांगितलं की त्याच्याकडे त्याचा पुतण्या येतो. दुसऱ्यानं चहा दिला, नागपूरला वाघ असतात का विचारलं, तासभर बसवून घेतलं आणि मग विचार करतो म्हणाला. त्याचा अजून विचार चालू आहे.

एप्रिलमध्ये बाईंचा फोन आला. गुडघ्यामुळे गाडी चालवता येत नाही, वकिलाकडे सोडशील का. मी अर्धी रजा टाकली. जाताना त्या रस्त्यावरच्या प्रत्येक घराबद्दल बोलल्या, कोण आजारी आहे, कुणाची पोर ऑस्ट्रेलियाला गेली. डोंगराचा विषय निघाला नाही. मी गाडीत बसून राहिले, पाऊस पडत होता, आणि ऑफिसचे मेल बघत होते. त्या बाहेर आल्या तेव्हा हातात काहीच नव्हतं. मी उगाचच समजून बसले होते की कागद, पाकीट, काहीतरी असेल.

"झालं?"

"झालं. उन्हाळ्यात नांगरायला मशीन येतील म्हणाले."

सीटबेल्ट त्यांना खांद्यामुळे ओढता येईना. मी वाकून तो लावून दिला आणि गाडी सुरू केली.