तांडेलीण नाही, तांडेल

सोमवारी सकाळी मला कारखान्यात उत्तर द्यायचं होतं: शिफ्टची प्रमुख व्हायचं की नाही. ही बातमी फुटली आणि लगेच माझ्या प्रेस मशीनचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारी जाळी, सैल झालेला सापडला. चुकून झालं असेल, असं सगळे म्हणाले. बोल्ट आपोआप इतके सैल होत नाहीत. रविवारी घरात बसवेना, म्हणून मावसबहीण शर्वरीताईबरोबर अर्नाळ्याला निघाले. तिच्या शाळेत राज्यकर्त्या स्त्रियांवर प्रदर्शन आहे, तिला पार्श्वभूमीसाठी किल्ल्याचे फोटो हवे होते.

मी गोखिवऱ्याची, ती चंदनसारची. भेटलो विरार पश्चिमेला. तिथून अर्नाळ्याला बस मिळते. किल्ला समोरच्या बेटावर आहे. होडीत गुडघाभर पाण्यातून चढावं लागतं, तेव्हा बूट घालू नका, सुटे पैसे ठेवा. मला पोहता येत नाही. मी मधली फळी पकडून बसले.

सुकाणूवर एक बाई होत्या, मंदाताई. टोपी घातलेले एक काका म्हणाले, "तांडेल कुठे आहे?"

"मीच तांडेल."

"म्हणजे तांडेलीण!"

"तांडेलीन म्हंजे तांडेलाची बायको. होडी मी हाकते, मी तांडेल."

"बरं, राणीसाहेब. बुडवू नका म्हणजे झालं."

लोक हसले. मंदाताई हसल्या नाहीत.

बेटावर वस्ती ओलांडली की किल्ला येतो. तटावर वर छान वारा असतो, पण कठडा सगळीकडे नाही. शर्वरीताई शाळेत शिकवावं तसं बोलत होती. वसईच्या किल्ल्यात राहणाऱ्या पोर्तुगिजांशीच तिकडे कर्नाटकच्या किनाऱ्यावर उल्लाळची राणी अब्बक्का लढली. ताराबाईंनी लहान मुलाच्या नावानं राज्य आणि फौज दोन्ही चालवली. चांदबीबी नगरच्या तटावर उभी राहिली आणि मुघलांना वेढा उठवावा लागला.

"मग?"

"मग पुढच्या वेढ्यात ती शत्रूला फितूर झाल्याची अफवा उठली. तिच्याच लोकांनी मारलं तिला."

मी खाली बघितलं. त्या उंचीपेक्षा ते 'तिच्याच लोकांनी' मला जास्त लागलं. गार्डचं मी ताईला सांगितलं नव्हतं.

परतताना वारा वाढला होता. अर्ध्या वाटेत इंजिन खोकलं आणि बंद पडलं. होडी आडवी फिरली, लाटा कुशीवर आदळू लागल्या. मंदाताई इंजिनात वाकल्या. टोपीवाले काका उभे राहिले. "सगळे इकडे या, किनारा या बाजूला आहे!"

माणसं उठू लागली. वजन एका बाजूला गेलं तर होडी कलंडेल, हे कळायला पदवी लागत नाही. बोलायला मात्र हिंमत लागते.

"खाली बसा." हे मी म्हटलं, ते फक्त मलाच ऐकू आलं. मग मी ओरडले, "जागेवर बसा! कुणी उठायचं नाही!"

"तुम्ही कोण सांगणार?" काका म्हणाले.

मंदाताईंनी मान वर केली नाही. "तिचं ऐका. नायतर पान्यात बसा."

बसले. काका सगळ्यात शेवटी. इंजिन लागेपर्यंत मी एकेकाकडे बघत राहिले, कारण पाण्याकडे बघायचं धाडस नव्हतं.

किनाऱ्यावर ताई म्हणाली, "इतकं ओरडायला कुठे शिकलीस गं?"

"प्रेसच्या आवाजात दुसरं काय ऐकू येणार?"

मग भजी खाताना तिला गार्डचं सांगितलं. "नाही म्हण," एवढंच ती म्हणाली.

अर्नाळ्याला जाणार असाल तर सकाळी लवकर जा आणि दुपारचा वारा वाढायच्या आत परत या. किल्ला सुंदर आहे. मला मात्र घरी आल्यावर त्यातलं फारसं आठवलं नाही. इंजिन बंद पडल्यावरची शांतता आठवत राहिली.

सोमवारी गार्डचे बोल्ट आधी स्वतः तपासले आणि मग होकार दिला. नेमणुकीच्या कागदावर 'महिला शिफ्टप्रमुख' लिहिलं होतं. पहिला शब्द खोडायला लावला.

बोल्ट अजून रोज तपासते.