हॉटेलासारखा मोकळा भात

लग्नाच्या मांडवात मोठ्या भगुण्याचं झाकण उघडतं, पिवळ्या पुलावाची वाफ वर येते, लोक ताटल्या घेऊन पुढे सरकतात, आणि मी मागे सरकते. सुना पाहुण्यांना सांगतात की आईंना भात चालत नाही, गुडघे धरतात. गुडघे धडधाकट आहेत माझे. मला किळस येते. नावड नव्हे, कंटाळा नव्हे, किळसच. ती कुठून आली हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण ऐकणाऱ्याचा घास घशात अडकायचा. आता लिहूनच टाकते. कुणाचं जेवण व्हायचं असेल तर त्यानं आधी जेवून घ्यावं.

आमचं गाव आर्णीपासून दीड कोसावर. माझा बा कापसाच्या दिवसांत आर्णीच्या जिनिंगात कामाला जायचा. छप्पन साली तो आणि माय नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. त्याआधी आमच्या वस्तीतल्या बाया पाळीनं गावात भाकर मागायला जात. मायसुद्धा नवी नवरी असताना टोपली घेऊन दारोदार हिंडली होती. वरून जे पडेल ते झेलायचं. कुणाची आंबलेली कढी, कुणाच्या पोरानं चावून टाकलेला तुकडा, पंगत उठल्यावर पत्रावळीवरून निपटून काढलेला भात. नागपूरहून आल्या दिवशी मायनं ती टोपली पायाखाली मोडली आणि चुलीत घातली. म्हणाली, "आजपासून या घरात उष्टं नाही का शिळं नाही."

उष्ट्याचं ठीक होतं, पण शिळ्याचा तिनं अतिरेक केला. स्वतःच्या हातची सकाळची भाकर संध्याकाळी उरली तरी ती बकरीला. आम्ही भुकेनं कळवळत असलो तरी बकरीलाच. शेजारणी समजावून थकल्या की बाई, आपल्या घरचं शिळं ते काही भिकेचं नव्हे. माय ऐकायची नाही. त्या वर्षी बकरी चांगली गुबगुबीत झाली आणि आम्ही भावंडं काटक्याच राहिलो.

बाचं वेगळंच होतं. आर्णीच्या मोटारस्टँडजवळ एक हॉटेल होतं. आधी तिथं आमच्या लोकांना चहा बाहेर मिळायचा, उकिडवं बसून, कान तुटलेल्या कपात, आणि पिऊन झाल्यावर कप आपणच विसळून कुडावर पालथा घालायचा. दीक्षेनंतर एका बाजाराच्या दिवशी बा धुतलेला पांढरा सदरा घालून समोरच्या दारानं आत गेला आणि खुर्चीवर बसला. मालकाचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं, पण कायदा त्यालाही ठाऊक होता. बा रात्रीच्या वर्गात वाचायला शिकला होता. त्यानं खडूनं लिहिलेली पाटी शेवटपर्यंत वाचली आणि सगळ्यात महाग जे होतं ते मागितलं. पुलाव.

घरी आल्यावर तीन दिवस दुसरा विषय नाही. काचेचा गिलास कसा होता, चमचा कसा होता, खुर्ची किती उंच होती. आणि भात! एक शीत दुसऱ्या शिताला चिकटलेलं नाही, पिवळाधमक, वर जिरं आणि तळलेला कांदा. "अन् मी दोन घास ठेवून उठलो," तो ताठ मानेनं सांगायचा. "सायेब लोक पलेट चाटून पुसून खात नाही. थोडं ठेवा लागते." घरी हाच माणूस भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं ताटली अशी पुसायचा की घासायची गरज पडू नये.

मग दर बाजाराला तो जायचा, त्याच खुर्चीवर बसायचा, तोच भात खायचा आणि दोन घास ठेवून उठायचा. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. पण पुढं त्याला तो भात घरी पाहिजे झाला.

आमच्या घरी भात म्हणजे सणाचा पदार्थ. रोजची ज्वारीची भाकर आणि तुरीचं वरण. मायला भात करायची सवयच नव्हती. तिनं किराणा दुकानातून वाटीभर वनस्पती तूप आणलं. ते चुलीवर वितळलं तेव्हा जो वास सुटला तो अजून माझ्या नाकात आहे, मेणबत्ती आणि करपलेलं कातडं यांच्यामधला. त्यात जिरं, मिरच्या, हळद, आणि चुलीवरून नुकताच उतरवलेला भात. उलथनं फिरवलं की भाताचा पिवळा लगदा व्हायचा. भिंतीला लावला असता तर पोपडे निघाले नसते.

बा एक घास घ्यायचा आणि म्हणायचा, "हाटेलासारखा मोकळा नाही झाला."

पुढच्या खेपेला मायनं पाणी कमी घातलं, तेव्हा भात कच्चा राहिला. त्याच्या पुढच्या खेपेला पेज काढून टाकली, तरी तुपात पडल्यावर गोळा तो गोळाच. बा म्हणाला, "तुह्या हातानं काहून होत नाही वं? हाटेलातला आचारी त माणूसच हाये ना?" मायनं कढई घासायला घेतली. मला मात्र त्या दिवशी बाची पहिल्यांदा किळस आली. जिनं मागून आणलेल्या दगडासारख्या भाकरी मऊ करून आम्हाला जगवलं तिला हा चार बाजार खुर्चीवर बसून आलेला माणूस स्वयंपाक शिकवत होता. मायला दुसरं काही नको होतं. एकदा तरी त्याच्या तोंडून चांगला झाला एवढं निघावं, बस.

त्या हॉटेलाला आम्ही सरपणाची फाटी विकायचो. बा समोरच्या दारानं जायचा आणि आमची मोळी मागच्या दारानं. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन. माय मला म्हणाली, "आज मोळी टाकली का त्या आचाऱ्याले इचार, भात मोकळा कसा करते म्हणा. सांगन त सांगन."

आचारी बोलका निघाला. उघडाबंब, अंगावरून घामाचे ओघळ चाललेले, एका हातानं काख खाजवत दुसऱ्या हातानं कांदा परतत होता. मी विचारलं तसा हसला.

"त्यात काय हाये पोरी? भात शिळा पाह्यजे. ताज्या भाताचा गोळाच होते. जुना झाला, गार झाला, का एकेक शीत उभं राह्यते."

"मंग तुमी आदल्या दिवशी करून ठेवता?"

"करून कायले ठेवाचं? हे काय, आयतंच येते."

त्यानं पायानंच कोपऱ्यातलं घमेलं पुढे ढकललं. त्यात समोरच्या टेबलांवरून आलेल्या प्लेटा रिकाम्या केलेल्या होत्या. वरणात भिजलेला भात, लोणच्याची साल, दातांची खूण असलेली बटाट्याची फोड, अर्धी चोखलेली मिरची, आणि एका कडेला विडीचं थोटूक. वर माश्या इतक्या की भात काळा दिसत होता. आचाऱ्यानं त्यातला भात हातानं निवडून बांबूच्या टोपलीत घेतला, वरून दोन लोटे पाणी ओतलं, टोपली झटकली आणि बारदानावर पसरला. आधीचा वाळलेला तिथं होताच. तो ओंजळीनं उचलून त्यानं कढईत टाकला, वरून रंगाची चिमूट. चर्र आवाज झाला आणि बा ज्याचं वर्णन करायचा तोच भात कढईत दिसायला लागला.

"धुतला का झाला कोरा," तो म्हणाला. "कोनाले समजते?"

मी बाहेर येऊन फाट्यांच्या ढिगामागं ओकले. सकाळची भाकर, पाणी, आणि मग नुसतंच पित्त. त्या टोपलीकडे पाहिलं तेव्हा मला मायनं मोडलेली टोपली आठवली होती. तीच होती ती. एकीकडे चुलीत गेली आणि दुसरीकडून हॉटेलात जाऊन बसली.

घरी येऊन मी मायला अर्धंच सांगितलं. "शिळा भात लागते म्हणते." मायनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "मंग आपल्या घरी नाही होनार तो." आणि खरंच, सगळा घोळ तेवढाच होता. ज्या घरी कालचा भात राखून ठेवतात त्या घरी कुठलीही बाई तो भात सहज करू शकली असती. फक्त माझ्या मायला जमत नव्हता, कारण तिनं शपथ पाळली होती.

उरलेलं अर्धं मी गिळून बसले. बाला सांगायचं कसं? ज्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसून, काचेच्या गिलासातून पाणी पिऊन मानाचं जेवण खाल्लं, त्याला सांगायचं की ते जेवण गावभरचं उष्टं होतं? पण मी त्याच्या तोंडाकडे पाहू शकत नव्हते. तो बोलायला लागला की मला त्याच्या दातांत ती चोखलेली मिरची दिसायची.

दोन बाजार मी सोसले. तिसऱ्या बाजाराच्या आदल्या दिवशी मायनं शेवटचा प्रयत्न केला. सकाळी भात रांधून धोतरावर पसरला, माश्या वारत बसली, आणि शिळा म्हणता येण्याआधीच फोडणीला टाकला. पहिल्यापेक्षा बरा होता. बानं घास घेतला आणि ताटली सरकवली.

"ऱ्हाऊ दे. तुले नाही जमनार. एक डाव हाटेलातला खाऊन पाह्य, मंग समजन भात काय असते ते."

मायचे डोळे भरले आणि माझं डोकं फिरलं. "उष्टा हाये तो!" मी ओरडले. "लोकायच्या ताटातला! म्या पाह्यलं, घमेल्यातून काढते, धुते अन् तुमाले वाढते!"

 बा उठता उठता पुन्हा खाली बसला.

"तू पाह्यलं?"

"माह्या डोळ्यानं पाह्यलं. विडीचं थोटूकबी होतं त्यात."

मला वाटलं तो ओकेल. तो ओकावा असं मला वाटत होतं, अगदी मनापासून. पण तो मायकडे पाहून हळूच म्हणाला, "मी खुर्चीवर बसून खाल्लं वं." आणि त्या वेळी मला मीच नकोशी झाले.

मायनं पदरानं डोळे पुसले. मग तिनं एकदम विचारलं, "तुमी दोन घास ठेवून उठत होते ना?"

"हो."

"दर बाजाराले?"

"हो ना."

"मंग ते कुठं गेले?"

बाला कळायला वेळ लागला. मायला आधीच कळलं होतं. ती हसायला लागली. पोट धरून, भिंतीला टेकून हसली. "अवो, त्या मालकानं ज्यायच्यासाठी तुमाले बाहेर बसवलं होतं, त्या समद्यायनं तुमचं उष्टं खाल्लं!" तिचं हसू थांबेना. मला त्यात काहीच गंमत वाटली नाही. माझ्या डोळ्यांपुढे सगळ्या आर्णीची तोंडं एकमेकांच्या लाळेनं जोडली गेली होती. बासुद्धा हसला नाही.

पुढच्या बाजाराला त्यानं तोच पांढरा सदरा घातला. मला वाटलं आज भांडण होणार, कढई रस्त्यावर येणार. मी मोळी घेऊन मागच्या दाराशी उभी होते, पडद्याच्या फटीतून समोरचं दिसत होतं. बा आपल्या खुर्चीवर बसला. पुलाव मागितला. प्लेट आली. चमचा त्यानं बाजूला ठेवला, पाची बोटं भातात घातली आणि वरण-भात कालवतात तसा सगळा भात नीट कालवला. एकही शीत सोडलं नाही. एकही तोंडात घातलं नाही. मग हात धुतले, पैसे दिले आणि निघून गेला. ती भरली प्लेट आचाऱ्यानं माझ्यासमोर घमेल्यात उपडी केली. पुढं तो भात कुणाच्या पोटात गेला हे पाहायला मी थांबले नाही. खरं सांगते, त्याचीही मला किळसच आली. कढई फेकली असती तर मला बाचा अभिमान वाटला असता.

त्यानंतरही तो दर बाजाराला त्या खुर्चीवर बसायचा. खुर्ची त्यानं सोडली नाही. फक्त चहा प्यायचा.

भात कालवून उठला त्या दिवशी मात्र तो उपाशीच दीड कोस चालत घरी आला.  मायनं भात रांधला होता, ताजा, वाफाळता, गोळ्याचा गोळा. वर नुसतं तेल आणि मिठाचा खडा. बा खाली मांडी घालून बसला, जेवला, पुन्हा मागून घेतला. माय त्याच्या तोंडाकडे पाहत होती. चांगला झाला असं तो त्या दिवशीही म्हणाला नाही. त्यानं बोटानं ताटली पुसली, बोट चाटलं, आणि ताटली मायपुढं ठेवली. तिच्यात एक शीतही नव्हतं.