गंगाकाठचा नववा हात

नाना गेल्याची बातमी गंगाखेडहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं आणली. परभणीच्या स्टँडवर त्यानं आमच्या ह्यांना गाठलं नि कागदावर लिहिलेला निरोप हातात दिला. ऐकल्यावर मनात पहिलं काय आलं असेल, तर आता नानांना कशाचीच भीती वाटणार नाही... सव्वा महिना झाला, अजून तेच येतं. चुलत सासऱ्यांविषयी सुनेनं लिहावं ते त्यांच्या कर्तबगारीबद्दल. पण नाना लय भित्रे. त्या घरात भित्रेपणात त्यांच्या तोडीला कुणी असेल तर मीच, म्हणून आमचं जमलं.

मी सतराव्या वर्षी लग्न होऊन त्या गावात गेले तेव्हा निजामाचं राज्य होतं. गाव गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, अगदी काठावर. पूर ओसरला की पात्रात गाळाची जमीन उघडी पडायची. तिच्यात वाळकं, टरबुजं, वांगी लावायची आणि उन्हाळाभर त्यावर घर चालवायचं. गाळाचा कुठला पट्टा कुणाला, हे वर्षानुवर्षं देशमुख ठरवायचे. त्या साली सरकारातनं हुकूम आला की गावानं आपला पंच निवडावा, पुढं वाटणी तो करील. हैदराबादेला याहून मोठी निवडणूक होणार असंही कानावर येत होतं, पण आमच्या गावाला ती हैदराबादेइतकीच लांब. आमची निवडणूक गाळाची. हात वर करायचा हक्क सारा भरणाऱ्या नऊ घरांना. पंच व्हायला उभे दोघं: चार घरं देशमुखांच्या भाच्याकडं, चार शाळेच्या मास्तरांकडं. नववं घर आमचं, आणि घरातला मोठा माणूस नाना.

एवढं कळल्यापासून नानांचं जेवण तुटलं. "पोरी, आठ घरं सोडून सगळी नदी माझ्याच अंगावर आलीया," असं म्हणायचे. त्यात त्यांची एकुलती एक लेक सखू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. सातवा सरून आठवा लागलेला.

एका सकाळी देशमुखांचे कारभारी दोन गडी घेऊन दारात आले. नाना चटकन कणगीमागं बसले. कारभाऱ्यांनी विचारलं, "नाना हायेत का घरात?" खोटं बोलू नये असं मला माहेरी शिकवलेलं. मी पदर सावरून सांगितलं, "हायेत की, कणगीमागं."

नानांना बाहेर यावं लागलं. कारभारी हसत म्हणाले, "लपायलाव कशापायी? आमी काय वाघ हाय का?" आणि कमरेची पुरचुंडी सोडून त्यांनी नानांच्या तळहातावर बेलाचं पान नि भंडारा ठेवला. आमच्याकडं खंडोबाचा बेलभंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे शेवटचा शब्द. तो मोडला तर मोडणाऱ्याच्या पोटच्यावर येतं, असं लहान पोरसुद्धा सांगेल. मग कारभारी गंगेकडं बघत म्हणाले, "यंदा तुमच्या पट्ट्यात गाळ चांगला बसलाय." नानांनी शब्द दिला.

संध्याकाळी मास्तर आले. आता मी शहाणी झाले होते. "घरी न्हाईत," असं ठणकावून सांगितलं, आणि माझ्या पाठीमागनं नाना तांब्या घेऊन परसातनं आले! मास्तर भला माणूस, पण सोबत आलेली चार घरं भली नव्हती. त्यांच्यातल्या एकानं माजघराकडं बोट केलं. "लेक अडली तर सुईणीला आमच्याच आळीतनं यावं लागंल, नाना. इसरू नका." त्यांच्याही पुरचुंडीत बेलभंडारा होता...

ते सगळे गेल्यावर नाना ओसरीवर दोन्ही तळहात उताणे धरून बसले. पिवळे जर्द. आतून सखू म्हणाली, "आबा, काय झालंय?" तर म्हणाले, "काय न्हाई बाई, हळद लागलीया." मला मात्र हळूच म्हणाले, "सूनबाई, मी माझ्या हातानं लेकीच्या पोटावर दगड ठिवला." एका खऱ्यानं आणि एका खोट्यानं मीही त्या दगडाला हात लावलेला होता. पुढचे चार दिवस सखू नुसती कण्हली तरी आम्ही दोघं एकमेकांकडं पाहायचो.

निवडीच्या दिवशी चावडीपुढं गिरदावर, म्हणजे तहसिलीचा अंमलदार, खुर्ची टाकून बसला. आम्ही बाया घागरी घेऊन पाराआड. माझ्या कमरेवरची रिकामी घागर बांगड्यांवर वाजायला लागली. गिरदावरानं देशमुखांच्या भाच्याचं नाव पुकारलं. चार हात वर गेले, पाचवा नानांचा. कारभाऱ्यांनी मिशीला पीळ दिला. मग मास्तरांचं नाव पुकारलं. चार हात वर गेले... आणि पाचवा पुन्हा नानांचा.

गिरदावरानं दोनदा मोजलं. "नऊ आसामी, दहा हात? मस्करी करता सरकारशी?"

नाना उभे राहिले. दोन्ही तळहात पुढं केले. "मस्करी न्हाई, सरकार. दोन्हीकडं आन घेतलीया. एक मोडली तर लेक मरंल. दोन्ही पाळल्या. आता माझं नाव खोडा."

कुणी हसलं नाही. देशमुखांनी जागेवरूनच विचारलं, "गाळ नको का रे, नान्या?" नानांनी मान खाली घातली. म्हणाले, "लेक पायजे, मालक."

नाव खोडलं गेलं. चाराला चार झाले, गिरदावर कागद गुंडाळून निघून गेला, आणि वाटणी देशमुखांकडंच राहिली. आमचा पट्टा गेला. त्या उन्हाळ्यात आम्ही दुसऱ्यांची टरबुजं वाहिली. सुईणीनं यायला उशीर केला, पण आली. सखूला मुलगी झाली. रडणं ऐकल्यावर नाना परसात जाऊन ओकले. दोन महिन्यांची भीती एकदम बाहेर पडली असावी.

राज्य पालटलं. पेटीत गुपचूप मत टाकायची रीत आली. नाना दर निवडणुकीला सगळ्यांआधी जायचे. पण त्याआधी कुणी मतं मागायला ओसरीवर आलं, की ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसत. पान दिलं, पत्रक दिलं, नमस्कार केला, तरी हात निघायचे नाहीत. आम्ही किती हसायचो.

परवा आमच्या दारात गळ्यात उपरणं घातलेले चारजण आले. "वहिनी, शब्द द्या," म्हणत पुढच्यानं हात पुढं केला. मी खाटेवर बसले होते. ते गेल्यावर उठायला लागले तर बोटांना मुंग्या आलेल्या. दोन्ही हात मांडीखाली होते.