ट्यूबलाइटखालचा हिरवा

रिकाम्या वॉर्डात अठ्ठावीस कपाटं ओळीने उभी होती. पडदे उघडे असताना सगळी एकाच रंगाची, दुधात किंचित राख मिसळावी तशी. मॅडमनी पडदे ओढले, ट्यूब लावल्या, आणि निम्मी कपाटं हळूच हिरवी झाली. पाण्याखाली गेल्यासारखी. पडदे उघडले की पुन्हा सगळी सारखी. मॅडमनी हे तीनदा करून दाखवलं. खरं सांगायचं तर क्षणभर मला ते सुंदर वाटलं.

"काय आहे हे?" मॅडम म्हणाल्या. त्या नव्या हॉस्पिटलची खरेदी त्याच बघत होत्या. "पेशंटला वाटेल, आपलेच डोळे गेले."

शेजारी आमचे प्लांट हेड परबसाहेब उभे होते. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "नाईक, या बॅचवर सही कोणाची?"

"वनिता गायकवाड," मी म्हणालो.

ते खरंच होतं. पण खरं बोलण्याचा इतका भित्रा प्रकार मी त्याआधी कधी केला नव्हता.

मुलुंडला डोंगराच्या बाजूला आमची पावडर पेंटची फॅक्टरी आहे. पावडर पेंट म्हणजे कोरडा रंग. तो पत्र्यावर फवारतात आणि भट्टीत भाजतात, मग तो वितळून पत्र्याला धरतो. शेडमध्ये ही पावडर कायम हवेत असते. दुपारी वरच्या काचांतून उन्हाचे पट्टे उतरतात आणि त्यांत त्या आठवड्याचा रंग तरंगत राहतो. कधी गुलाबी दुपार, कधी शेवाळी. मास्क लावून त्यातून चालताना आपण जागे आहोत का, अशी शंका येते. माझा रुमाल धुताना बायको सांगते, "या आठवड्यात निळा चाललाय वाटतं." मी तिथे क्वालिटी बघतो.

वनिताताई शेड मॅचर. म्हणजे ग्राहकाने दिलेल्या नमुन्याशी आपला रंग जुळतो का, हे डोळ्यांनी ठरवणाऱ्या. चोवीस वर्षं त्या हेच करत होत्या. प्रत्येक बॅचचा एक छोटा पत्रा रंगवून भाजतात, त्याला पॅनल म्हणतात. ताई ते पॅनल आणि नमुना शेजारी धरून तीन ठिकाणी जायच्या. आधी गच्चीच्या दाराशी, उन्हात. मग ऑफिसच्या ट्यूबखाली. मग स्टोअरबाहेरच्या पॅसेजमध्ये, जिथे अजून जुना पिवळा बल्ब आहे. प्रत्येक ठिकाणी मिनिट-दोन मिनिटं नुसत्या उभ्या. पोरं म्हणायची, "ताई ध्यानाला बसल्या." त्याही हसून म्हणायच्या, "बसले तर बसले. तुझ्यासारखी झोपले तर नाही ना?"

मग मशीन आलं. स्पेक्ट्रो म्हणतात त्याला. पॅनलवर टेकवलं की ते रंग मोजतं आणि नमुन्यापासून किती फरक आहे ते आकड्यात सांगतं. आकडा एकच्या आत असला की पास. ते बसवण्याचं काम माझ्याकडे होतं. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. मशीनवाल्या इंजिनीअरने विचारलं होतं, "सर, कोणकोणत्या लाइटला चेक लावू? डेलाइट, ट्यूब, बल्ब?" मी म्हणालो, "डेलाइट पुरे. सिंपल ठेवा. नाहीतर लोक वापरणार नाहीत."

ताईंच्या तीन जागा मी रोज बघत होतो. पण ती त्यांची सवय आहे असं मला वाटायचं. ते काम आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

कपाटांच्या रंगाची पहिली बॅच नीट गेली. दुसऱ्या बॅचच्या वेळी पिवळ्या रंगद्रव्याचा सप्लायर बदलला होता. द्रव्य वेगळं असलं, तर दोन रंग उन्हात जुळतात आणि ट्यूबखाली फुटतात, म्हणजे वेगवेगळे दिसतात. मशीनने उन्हातला आकडा दिला, पास. ताईंनी पॅनल ट्यूबखाली नेलं आणि बॅचवर लाल होल्डचा स्टिकर लावला. त्यावर लिहिलं, "ट्यूबखाली हिरवट." मुलीच्या ॲडमिशनसाठी त्या दुपारी लवकर गेल्या.

ट्रक उभा होता. मी स्टिकर वाचला. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: मशीनने पास केलं आणि ताईंनी थांबवलं, हे परबसाहेबांना कळलं तर सहा महिन्यांच्या माझ्या प्रोजेक्टला काय अर्थ राहिला? मी पॅनल घेऊन ट्यूबखाली गेलोच नाही. दहा पावलांवर होती ती ट्यूब. मी स्टिकर काढला आणि माल सोडला.

दुसऱ्या दिवशी ताईंसमोर बॅच कार्ड ठेवलं. "ताई, तुमची सही राहिलीय."

"स्टिकर लावला होता मी, साहेब."

"झालं ते. मशीनने पास केलंय. करून टाका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

वॉर्डातून परतल्यावर परबसाहेबांनी त्यांना पॅकिंगला पाठवलं. "मशीन आल्यापासून बाईंचं लक्ष उडालंय," ते मला म्हणाले. "महिनाअखेरीला बघू, ठेवायचं की नाही." मी मान हलवली. कशासाठी हलवली, मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतरचे दिवस मला धुक्यातून बघितल्यासारखे आठवतात. जागेपणी कपाटं दिसायची. उघडी, रिकामी, आतून हिरवी. पॅकिंगकडे जायचं टाळण्यासाठी मी जेवायला मागच्या जिन्याने उतरायचो. ताई पॅकिंगमध्ये खोक्यांना टेप मारत असायच्या. त्या कोणाशी काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

बाराव्या दिवशी मी त्या बॅचचं राखून ठेवलेलं पॅनल काढलं आणि नमुन्याशेजारी धरून ताईंसारखा फिरलो. गच्चीच्या दाराशी काही नाही. ट्यूबखाली पहिल्यांदा काही नाही. मी तसाच उभा राहिलो. साधारण मिनिटभराने राखेतून हिरवा वर आला, तळ्यात खालून शेवाळ दिसावं तसा. म्हणजे ताई त्या मिनिटभर उभं राहण्याचाच पगार घेत होत्या. मी सरळ परबसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"सर, त्या बॅचवर ताईंनी होल्ड लावला होता. स्टिकर मी काढला. सहीसुद्धा मीच करून घेतली, नंतर."

परबसाहेबांनी चष्मा काढला. ते चिडले की मालवणीवर येतात. "मेल्या, बारा दिवस खंय होतंस?"

मी हातातलं पॅनल त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"बाई घरी गेली असती, नाईक."

"हो सर."

"तुला काढायला हवं खरं तर. पण मग ते मशीन कोण चालवणार?" ते खिडकीकडे वळले. "जा. आधी तिला सांग. माझ्यासमोर रडू नको."

मी पॅकिंगला गेलो. ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं खोकं पूर्ण केलं, टेप तोडली.

"माझी पोरगी म्हणाली, आई, जाऊन भांड त्यांच्याशी. मी म्हटलं, कशावर भांडू गं? सही तर माझीच आहे."

"माझी चूक झाली, ताई."

"झाली ना." त्या माझी समजूत घालायला थांबल्या नाहीत. "परत येते मी. पण कार्डावर दोन रकाने वाढवा. 'थांबवलं कोणी' आणि 'सोडलं कोणी'. नावानिशी. माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. पण मी लिहिलेलं पुसू नका."

कपाटं आम्ही परत आणून नव्याने रंगवून दिली. मशीनला तिन्ही उजेडांचे चेक लावले. त्यासाठी इंजिनीअरला जेमतेम तासभर लागला. आणि कार्डावर दोन रकाने आले.

लोक मला विचारतात, नवीन सिस्टिम आणताना काय काळजी घ्यावी? मी सांगतो, जुन्या पद्धतीतलं जे वेळखाऊ वाटतं, ते काढण्याआधी एकदा स्वतः करून बघा. आणि नवी गोष्ट आपल्या नावाची असेल, तर तिच्याविरुद्धची तक्रार दुसऱ्याला वाचायला द्या. आपल्याला ती वाचता येत नाही.

ताई नेहमी बरोबर असतात असं नाही. कधी कधी मशीनच बरोबर निघतं. मग त्यांच्या नावाशेजारच्या रकान्यात मी सही करून माल सोडतो. सही करताना हात जड होतो. रकाना त्याचसाठी आहे.