पाहुण्याचे दोन हंडे

निघताना बायकोनं बजावलं होतं, "तिकडं पाण्याची बोंब आहे. आंघोळीचे लाड करून घेऊ नका." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वाईच्या माणसाला पाण्याचं काय सांगायचं? मुंज झाल्यापासून रोज पहाटे कृष्णेत बुडी मारल्याशिवाय मी चहाला तोंड लावलेलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा तो वैशाख. धाकटी बहीण सुमन भाईंदरला राहायची. तिच्या सोसायटीची ती सेक्रेटरी होती आणि रविवारी संध्याकाळी गच्चीवर मीटिंगच्या आधी मी चार शब्द बोलावेत असा तिचा आग्रह होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी प्रवचनं करू लागलो होतो. विषयही माझा आवडता: आत एक, बाहेर एक असं नसावं, आणि चार माणसांच्या पुढं उभं राहणाऱ्यानं तर मुळीच नसावं.

स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलो आणि इमारतींच्या गर्दीत आभाळ शोधू लागलो. एका घरची फोडणी दुसऱ्या घरच्या माणसाला ठसका आणत होती. सुमन भाजीवाल्याशी हिंदीत, वाण्याशी गुजरातीत आणि माझ्याशी मराठीत बोलत भराभर चालत होती. इमारत चार मजल्यांची, लिफ्ट नाही. जिन्यात पाण्याची निळी पिंपं, त्यामुळं बॅग घेऊन मला आडवं होऊन चढावं लागलं. एका पिंपाला माझा गुडघा असा काही लागला की काय सांगू!

चहा घेताना सुमननं पाण्याची कथा सांगितली. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढेनासं झालं होतं. तळमजल्याच्या टाकीला एक नळ काढला होता. दर घराला चार हंडे, पाळीनं. सेक्रेटरीचं घर सगळ्यात शेवटी.

"शेवटी का?" मी विचारलं.

"नियम मी केला ना? मग शेपूटही मीच धरायचं."

दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतांना हे पटत नव्हतं. ज्याला परवडेल त्यानं थेट पाइपाला मोटर लावावी आणि ओढावं पाणी, असं त्यांचं म्हणणं. मीटिंग त्याचसाठी होती. चौथ्या मजल्यावर एक बाळंतीण होती. मोटरी लागल्या असत्या तर तिच्या घरी थेंबही पोचला नसता. शिवाय सावंत लोकांना विचारत फिरत होते, "सेक्रेटरीबाई स्वतः चोरून भरत नाहीत कशावरून?"

रविवारी सकाळी सुमन खाली नळावर पाळी लावत उभी होती. तिच्या सासूबाई, म्हणजे माई, मूळच्या रत्नागिरीच्या. पाहुणा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. "आंघोळ करून घ्या हो अण्णा, पाणी तापलंय," असं म्हणून त्यांनी मला न्हाणीत ढकललंच. दोन बादल्या काठोकाठ! मी स्तोत्र म्हणत म्हणत दोन्ही रिकाम्या केल्या. मनात आलं, बायको उगीच घाबरवत होती.

मग सुमन मला जवळच्या डोंगरी गावी घेऊन गेली. टँकरवाल्यानं हात वर केले होते, म्हणून ज्या मार्थाबाईंच्या विहिरीवरून त्याचं पाणी यायचं त्यांनाच गाठायचं होतं. पश्चिमेला येऊन बस पकडली. वाटेत मिठागरं लागली. पांढरे ढीग उन्हात असे चकाकत होते की डोळे किलकिले करावे लागले. डोंगरीला उतरलो तर गाव अगदी निराळं: कौलारू घरं, दारात क्रूस, ताडाची झाडं आणि भेंडी-वांग्याच्या वाड्या. तेवढ्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. तापलेल्या वाटेवर मी नाचत नाचतच मार्थाबाईंच्या अंगणात शिरलो.

मार्थाबाई साठीच्या, आवाज खणखणीत. त्यांनी आधी तांदळाची भाकरी आणि चवळीची भाजी पुढं ठेवली, मग बोलणं काढलं. "पानी हाय गो सुमन, पन माजी वाडी आदी. उरलं तं हफ्त्याला येक टँकर देन. खोटा वायदा मी करनार न्हाय."

सुमनला तेवढंही पुष्कळ होतं. मार्थाबाई माझ्याकडं वळल्या. "सायबांची आंगोल झाली काय? न्हाय तं बावीवर करा." त्यांनी विहिरीकडं बोट दाखवलं.

"छे छे, सकाळीच झाली," मी फुशारकीनं म्हणालो. "दोन बादल्या, अगदी ऐसपैस!"

सुमनचा घास हातातच राहिला. "दोन बादल्या? अण्णा, आज आपल्या वाट्याला शेवटी दोनच हंडे आले. ते तसेच माठाशेजारी झाकून ठेवलेत."

मी हातातली भाकरी परत ताटात ठेवली. परतीच्या बसमध्ये सुमन खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी पोचताच माईंनी कबूल केलं. पाळी सुरू व्हायच्या आधी, पहाटेच त्यांनी वॉचमनकडून नळ उघडून घेतला होता. "कृष्णेवर आंघोळ करणारा माणूस. त्याला काय लोटाभर पाण्यात गुंडाळायचं? घराण्याची लाज नाही का जात?" असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. सुमननं त्यांना हात धरून बसवलं फक्त.

मी मात्र व्यवहारी झालो. "हे बघ सुमे, दोन हंडे ते काय! वॉचमन बोलणार नाही. आज गप्प राहा, मतं पडू देत, मग हवं तर सांग. नाहीतर सावंतांच्या हातात आयतं कोलीत द्यायचंय का? त्या बाळंतिणीचा तरी विचार कर."

"अण्णा, तू वर कशावर बोलणार आहेस?"

मी तिच्या मागोमाग जिना चढू लागलो.

गच्चीवर सतरंज्या अंथरल्या होत्या. सुमन उभी राहिली. "मोटरचं बोलण्याआधी एक सांगते. आज पहाटे माझ्या घरात पाळी सोडून दोन हंडे आले. म्हणून उद्या माझ्या घराची पाळी नाही. सेक्रेटरी नको असेन, तर तेही आत्ताच सांगा."

"बघा! मी म्हणत नव्हतो?" सावंत उसळले.

माई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "मी नेलं पाणी. हिला ठाऊकसुद्धा नव्हतं. शिव्या मला द्या."

बाळंतिणीचे सासरे सावकाश म्हणाले, "सावंत, तुमची मोटर जास्त ओढेल तेव्हा तुम्ही असे इथं येऊन सांगाल का?"

सावंत सतरंजीचा दोरा उपसत बसले. पाळीच्या बाजूनं हात वर होत गेले. सावंतांचा हात काही वर आला नाही, पण पुढं मोटरही त्यांनी बसवली नाही. माझ्या प्रवचनाची कुणालाच आठवण राहिली नाही. मीही काढली नाही. बहिणीचा इतका अभिमान मला पूर्वी कधी वाटला नव्हता, आणि स्वतःची इतकी लाजही.

सकाळी बाळंतिणीचे सासरे भरलेली कळशी घेऊन दारात आले. सुमननं हात जोडले, "काका, आज नको." माईंनी कळशीकडं डोळे भरून पाहिलं आणि दार लोटून घेतलं. झाकलेल्या पाण्यातून मला एक तांब्या मिळाला. त्यातल्या थोड्या पाण्यानं तोंड धुतलं, उरलेलं प्यालो आणि पारोसाच निघालो, मुंजीनंतर पहिल्यांदाच.

वाईला पोचलो तेव्हा सांज झाली होती. थेट घाटावर गेलो. अंगावर दिवसभराचा घाम, धूळ. समोर पाणीच पाणी. नेहमीचे जोशीबुवा पायरीवर संध्या करत बसले होते. नाकाला उपरणं लावून म्हणाले, "अण्णा, काय अवतार हा! उतरा आधी पाण्यात."

मी पायरीवर बसलो. ओंजळभर पाणी घेतलं, त्याकडं बराच वेळ पाहिलं आणि ते परत नदीत सोडलं.

"उद्या उतरेन, बुवा," मी म्हणालो. "आज माझ्या घरची पाळी नाही."