आडसाली लावू का?

लागणीसाठी तोडलेल्या उसाच्या बेण्याचा वास आला, की नव्वदच्या दशकातली ती दुपार आठवते. वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, घशाचा कॅन्सर फार पुढं गेला होता, पण चुलत्यांनी बारामतीच्या डॉक्टरांना आधीच बजावलं होतं, "आबांना अल्सरच सांगा." तपासून झाल्यावर आबांनी घोगऱ्या आवाजात एवढंच विचारलं, "डॉक्टर, औंदा आडसाली लावू का? दीड वर्साचा ऊस हाय." डॉक्टर हसून म्हणाले, "लावा की बिनधास्त!" मी तोंड उघडणार, तोच चुलत्यांनी माझा दंड दाबला. शेळगावला परतल्यावर आबा लागणीसाठी आणून ठेवलेल्या बेण्याच्या ढिगाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "हे परत धाडा. मेथी टाका, ती म्हैन्यात निघती." चुलते मला बाजूला घेऊन समाधानानं म्हणाले, "बघ, आबांना कायबी कळलं न्हाय." त्या समाधानाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.