टिळा नको म्हणाले म्हणून

रेल्वेत असलेल्या बाबांची बदली झाली आणि आम्ही अकोल्याहून जयपूरला आलो, तेव्हा माझं कॉलेज नुकतंच संपलं होतं. नोकरी लवकर मिळाली, ओळखी मात्र होईनात. मग जवाहर नगरच्या एका मैदानावर बायकांची व्हॉलीबॉलची टीम खेळताना दिसली. शाळेपासून मी सेटर, म्हणजे स्मॅश मारणारीला बॉल उचलून देणारी. त्यांच्याकडे धड सेटर नव्हती. पहिल्याच रविवारी त्यांनी मला घेतलं.

कॅप्टन एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. सगळ्या तिला दीदी म्हणायच्या. माझं बोट निखळलं तेव्हा स्वतःच्या स्कूटरवरून मला दवाखान्यात नेणारी तीच. बाई दुष्ट नव्हती. असती तर मी तिला केव्हाच विसरले असते.

सामन्याआधी घेरा व्हायचा. दीदी सगळ्यांना टिळा लावायची, मग हातावर हात ठेवून देवीची प्रार्थना आणि शेवटी जयजयकार. आम्ही बौद्ध. मी घेऱ्यात उभी राहायचे, हातही ठेवायचे, पण टिळा नको म्हणायचे आणि तोंड बंद ठेवायचे. माझं जे काही होतं ते आधीच म्हणून झालेलं असायचं. बोटांना टेप गुंडाळताना मनातल्या मनात त्रिशरण. ते कुणाला ऐकू जावं असं मला कधी वाटलं नाही.

जिंकत होतो तोवर कुणाला काही खुपलं नाही. मग सोडाला भागातल्या टीमकडून हरलो. आमची स्मॅश मारणारी त्या दिवशी सारखी बॉल नेटमध्ये घालत होती. दीदी तिला एका शब्दानं बोलली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "घेरे में एक का भी मन न हो तो असर पड़ता है।"

"मी दिलेला एक तरी बॉल वाईट होता का?" मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं.

"बात बॉल की नहीं है।"

"मग पुढच्या रविवारी माझी वंदना म्हणू या. सगळ्या मिळून."

कुणीतरी फिसकन हसलं. दीदी हसली नाही. "वो अलग बात है," ती शांतपणे म्हणाली. तो शांतपणा मला अजून सहन होत नाही.

टीममध्ये राजा पार्कला राहणारी एक शीख मुलगी होती. परत जाताना तिनं मला समजावलं. घेऱ्यात ती ओठ हलवायची, पण मनात वाहेगुरूचं नाव घ्यायची. "किसको पता चलता है?" म्हणाली. मला तिचाही राग आला. लपवून म्हणायला ते काय चोरीचं होतं?

घरी बाबा म्हणाले, "हात जोडले तं काय झिजते का? परक्या गावात राहून राहिलो आपण."

आई भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तिले नाही जोडायचे तं नाही जोडायचे."

दोन-चार दिवसांनी टीमच्या ग्रुपवर दीदीचा मेसेज आला. जी मनापासून घेऱ्यात नाही, ती खेळणार नाही. माझं नाव नव्हतं. सगळ्यांनी खाली जोडलेल्या हातांची चित्रं टाकली. राजा पार्कवालीनंही.

तरी मी पुढच्या सामन्याला गेले आणि पायऱ्यांवर बसले. माझ्या जागी एक नवखी होती. तिचे बॉल कधी फार उंच जायचे, कधी मागे पडायचे. त्यांनी हरावं असं मला मनापासून वाटत होतं. त्या जिंकल्या, आणि चांगलं खेळून जिंकल्या.

दीदी प्रसादाच्या पेढ्यांचा डबा घेऊन थेट माझ्यापाशी आली. "ले ले। नाराज़गी किस बात की?"

"मला खेळायचं होतं. पेढा नको होता."

 पुढे केलेला पेढा तिनं परत डब्यात ठेवला आणि निघून गेली.

आता मी ऑफिसातल्या लोकांबरोबर खेळते. तिथे कुणी प्रार्थना करत नाही, शिव्या मात्र भरपूर देतात. खेळ त्या बायकांच्या निम्मासुद्धा नाही, आणि याचाही राग मला दीदीचाच येतो. कधी बाजारात ती समोर येते. "खेल रही हो ना?" असं आपुलकीनं विचारते. मी भाजी निवडत राहते.